आपल्याच पत्त्याचा ताळेबंद



गेली तीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासतो आहे. अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका फाट्यावर माझं छोटंसं ऑफिस आहे. सनदी लेखापालाचा हा धंदा तसा निरस. त्यावर रेडिओवर काय बोलायचं, असा प्रश्न मलाही पडला होता. पण गेल्या वर्षी माझ्याच ऑफिसच्या बाबतीत एक घोटाळा झाला. त्यातून जे शिकलो ते लेखापालांइतकंच डॉक्टरांना, क्लासवाल्यांना, पोळीभाजी केंद्रवाल्यांनाही लागू आहे. म्हणून सांगतो.

१५ सप्टेंबर २०२५ हा सोमवार होता. आयकराचं विवरणपत्र भरायची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून वाढवून १५ सप्टेंबर केलेली होती. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका त्या दिवशी कागदांची पिशवी घेऊन मला शोधत निघाले. पूर्वी ते माझ्याकडे येत. मग मुलगा घरूनच भरायला लागला. तो बंगळुरूला गेला आणि या वर्षी कामात अडकला. काकांना माझ्या फर्मचं नाव आठवत होतं. त्यांनी मोबाइलला तोंडी विचारलं. मोबाइलनं गोड आवाजात, जराही न अडखळता पत्ता सांगितला. तो पश्चिमेचा होता. ते ऑफिस मी २०१४ साली सोडलं!

काका पूल चढून पश्चिमेला गेले. तिथं आता केशकर्तनालय आहे. मोबाइलनं दिलेला फोन नंबरही बंद झालेला. ‘साहेबांनी धंदा बंद केला वाटतं,’ असं म्हणून ते पुन्हा पूल चढून घरी गेले. त्या रात्री उशिरा मुदत आणखी एका दिवसानं वाढली, म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं त्यांना माझ्याकडे आणून सोडलं आणि संध्याकाळपर्यंत काम झालं. ती एक दिवसाची मुदतवाढ नसती, तर काकांना पाच हजार रुपये विलंब शुल्क पडलं असतं. चूक कोणाची? त्यांची तर नक्कीच नाही.

माझी भाची बदलापूरला राहते आणि संगणकाच्या क्षेत्रात काम करते. रविवारी ती घरी आली तेव्हा मी तिच्यापुढे त्या मोबाइलच्या नावानं बोटं मोडली. तिनं शांतपणे लॅपटॉप उघडला आणि माझ्या ऑफिसबद्दल इंटरनेटवर कुठं काय लिहिलंय ते एका कागदावर उतरवून काढलं. सहा ठिकाणी नोंद होती आणि सहाही वेगळ्या! दोन ठिकाणी पश्चिमेचा पत्ता. तिसऱ्या ठिकाणी नुसतं ‘अंबरनाथ’. पूर्व की पश्चिम, पत्ता नाही. अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंग कुठं ‘ई’ घालून, कुठं ‘ए’ घालून. फर्मच्या नावात कुठं ‘आणि कंपनी’ आहे, कुठं नाही. आणि माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावर? तिथं पत्ता होता, पण एका चित्रात. माणसाला तो वाचता येत होता. वाचणाऱ्या यंत्राला त्याचा भरवसा नाही.

ती म्हणाली, “मामा, तू लोकांच्या वह्या जुळवतोस. स्वतःच्या पत्त्याचा ताळेबंद कधी जुळवलास का?”

मला उत्तर देता आलं नाही.

पूर्वी आपण इंटरनेटवर काही शोधलं की दुव्यांची यादी यायची. तीनचार उघडून पाहायचो आणि खरं-खोटं आपणच ठरवायचो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ऑगस्ट २०२४ पासून गूगलही भारतात शोधाच्या उत्तरावर कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेला तयार सारांश दाखवू लागलं. आता यंत्र स्वतःच निरनिराळी पानं वाचतं आणि एकच उत्तर बांधून देतं. सहा ठिकाणी सहा गोष्टी लिहिलेल्या असतील, तर त्यातली कोणती उचलायची हेही तेच ठरवतं. काकांना दहा दुवे दिसले असते, तर कदाचित एखाद्यावर ‘पूर्व’ हा शब्द दिसला असता. त्यांना दिसलं एकच उत्तर, आणि तेही ठामपणे दिलेलं.

यावर उपाय म्हणून भाचीनं जी गोष्ट सांगितली तिला ‘स्ट्रक्चर्ड डेटा’ म्हणतात. मराठीत आपण ‘रकान्यांत मांडलेली माहिती’ म्हणू. नाव भारदस्त आहे, पण लेखापालाला त्यात नवीन काही नाही. तुमचा पॅन क्रमांक काढून पाहा. त्यातलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’, भागीदारी फर्मसाठी ‘एफ’ असतं. जीएसटीच्या पंधरा अंकाक्षरांतले पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे पॅन. कोणत्या जागी काय लिहायचं हे आधी ठरलेलं असल्यामुळे यंत्राला अंदाज बांधावा लागत नाही. २०११ पासून आपल्या देशात ठरावीक मोठ्या कंपन्यांना आपले ताळेबंदही एक्सबीआरएल नावाच्या अशाच खुणा केलेल्या स्वरूपात सरकारकडे द्यावे लागतात.

योगायोग असा, की त्याच २०११ च्या जून महिन्यात गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि याहू या एकमेकांच्या स्पर्धकांनी एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाचा एक सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. नंतर रशियाचं यांडेक्सही त्यात आलं. दवाखाना, उपाहारगृह, पुस्तक, पाककृती, प्रत्येकासाठी ठरलेलं नाव आणि ठरलेले रकाने. लेखापालांसाठीसुद्धा त्यात ‘अकाउंटिंग सर्व्हिस’ असा वेगळा प्रकार आहे. ही माहिती बहुधा ‘जेसन-एलडी’ नावाच्या पद्धतीनं लिहितात. वीस-पंचवीस ओळींचा मजकूर संकेतस्थळाच्या पानामागे ठेवायचा. वाचकाला तो दिसत नाही, यंत्राला दिसतो.

मग आम्ही मामा-भाची रकाने भरायला बसलो. फर्मचं नाव, नोंदणीत आहे तेच आणि तसंच. फर्म ज्या दुसऱ्या रूपात ओळखली जाते त्यासाठी ‘पर्यायी नाव’ असा वेगळा रकाना आहे, त्यात ते. पिन ४२१५०१. फोन. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा. कोणत्या गावांतली कामं घेतो: अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर. भाषा कोणत्या: मराठी, हिंदी, इंग्रजी. ‘तीच संस्था’ अशा अर्थाचा एक रकाना आहे. त्यात आमच्या इतर अधिकृत पानांचे दुवे, म्हणजे ही निरनिराळी पानं एकाच ऑफिसची आहेत हे यंत्राला कळावं.

गंमत झाली ती ‘पूर्व’ या शब्दाची. पत्त्यात रस्ता, गाव, राज्य, पिन यांना जागा आहे. पण रेल्वेच्या कोणत्या बाजूला, याला रकानाच नाही! मुंबईच्या लोकलवर जगणाऱ्या माणसाला जी गोष्ट सर्वांत आधी विचारावी लागते, ती जगाच्या त्या फॉर्ममध्ये कोणी धरलेलीच नव्हती. शेवटी गावाच्या रकान्यात ‘अंबरनाथ पूर्व’ असं लिहिलं आणि शेजारी नकाशावरचे अक्षांश-रेखांश दिले. तोच पत्ता पानावर साध्या मराठीत, ‘शिवमंदिराकडे जाताना’ या खुणेसकट लिहिला. चित्रातला पत्ता काढून टाकला.

या सुमाराला मला एक फोन आला. समोरचा गृहस्थ म्हणाला, “सर, एआयमध्ये तुम्हाला पहिल्या नंबरवर आणतो.” मी विचारलं, कसं? तो म्हणाला, संकेतस्थळामागच्या त्या मजकुरात ‘पाचपैकी पाच तारे, दोनशे अभिप्राय’ असं घालून टाकू. मी म्हटलं, “अहो, माझ्याकडे दोनशे अभिप्राय नाहीत.” तो म्हणाला, “कोण बघतंय?”

मंडळी, ‘कोण बघतंय’ हे वाक्य मी तीस वर्षांत पुष्कळ अशिलांच्या तोंडून ऐकलंय. त्याचं पुढं काय होतं तेही पाहिलंय. स्वतःच्या पानावर स्वतःलाच तारे देणाऱ्या संस्थांचे ते तारे गूगलनं २०१९ पासून शोधात दाखवणं बंद केलं आहे. आणि आमच्या व्यवसायाला तर १९४९ चा सनदी लेखापाल कायदा आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टातली सहावी आणि सातवी कलमं गिऱ्हाइकाच्या मागं लागायला आणि जाहिरातबाजीला लगाम घालतात. संकेतस्थळ ठेवायला आमच्या संस्थेची परवानगी आहे, पण माझ्या मते ते शोधत येणाऱ्यासाठी असावं. लोकांच्या अंगावर फेकण्यासाठी नव्हे. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात, तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंनी ताजे नियम वाचूनच एकेक ओळ लिहावी. पण ‘सर्वोत्तम’, ‘क्रमांक एक’ हे शब्द आपले नव्हेत. आम्ही आहोत, इथं आहोत, अमुक वेळेला भेटतो, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे. आणि रकान्यांत तेवढंच मावतं, म्हणून मला ही पद्धत आवडली.

आता फायदा किती, हेही खरं सांगायला हवं. एवढं केलं म्हणजे यंत्र तुमचंच नाव घेईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. गूगलनं स्वतःच म्हटलंय, की त्यांच्या एआय उत्तरांत येण्यासाठी कोणता खास स्ट्रक्चर्ड डेटा लागत नाही. आणि जो घालाल तो पानावर दिसणाऱ्या मजकुराशी जुळला पाहिजे. म्हणजे हा मंत्र नव्हे, ही नोंद आहे. नोंद स्वच्छ असली की वाचणाऱ्याची चूक होण्याची शक्यता कमी होते, इतकंच. मागच्या मजकुरापेक्षा जास्त वेळ आम्हाला लागला तो बाहेरच्या जुन्या नोंदी दुरुस्त करायला. एका यादीवाल्याला चार पत्रं लिहिली, तेव्हा कुठं पश्चिमेचा पत्ता निघाला. तो निघेपर्यंत एक यंत्र बरोबर उत्तर देत होतं आणि दुसरं जुनाच नंबर सांगत होतं.

आमच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्यात काळ आहे, शिलाहार राजाचं नाव आहे. भिंतींवरच्या शिल्पांबद्दल जाणकार तर्क लढवतात. पण मंदिराचा काळ सांगताना सगळे त्या लेखाकडेच वळतात. कोण वाचणार आहे हे ठाऊक नसताना कोणीतरी वर्ष नीट कोरून ठेवलं, त्याचा हा उपयोग.

तुमचा काही व्यवसाय असेल, तर आज एवढंच करा. आपलं नाव, पत्ता, फोन आणि वेळ एका कागदावर एकदाच, बरोबर लिहा. मग आपल्याच मोबाइलला आपला पत्ता विचारा. उत्तर त्या कागदाशी जुळत नसेल, तर कुठली नोंद चुकली ते शोधा. नकाशावरची नोंद फुकट दुरुस्त करता येते. संकेतस्थळ असेल तर ते करून देणाऱ्याला रकान्यांबद्दल विचारा. मजकूर बरोबर आहे का हे तपासायची साधनंही फुकट आहेत. आणि जागा बदलाल, त्या दिवशी दिव्याचं बिल बदलायच्या यादीत हेही लिहून ठेवा.

काही महिन्यांनी काका पुन्हा आले, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र घेऊन. मी विचारलं, “पत्ता सापडला का नीट?”

“मोबाइलनं बरोबर सांगितला, साहेब,” ते म्हणाले. “पण निघायच्या आधी फोन करून खात्री केली. तुमच्या मुलीनं उचलला होता.”

मला मुलगी नाही. फोन भाचीनं उचलला होता. पण ही नोंद मी दुरुस्त केली नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)