श्रद्धा म्हणजे गप्प बसणं नव्हे



चातुर्मास लागला की गावोगावी पारायणं बसतात, हरिपाठ होतो आणि मंडपात सगळ्यात जास्त गर्दी आपल्या बायांचीच असते. म्हणून आज बचतीचं, कर्जाचं बोलणं बाजूला ठेवू आणि दोन शब्दांबद्दल बोलू. श्रद्धा आणि नम्रता.

हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. पण आपल्याला त्यांचा अर्थ बहुतेक वेळा एकच सांगितला जातो, गप्प बस. काही विचारलं की म्हणतात, "तुझी श्रद्धाच नाही." उलट बोललं की म्हणतात, "बाईमाणसानं नम्र असावं." ग्रंथात काय आहे, ते बघू या.

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलं आहे. तिथं तीन गोष्टी येतात, प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. म्हणजे नमस्कार करायचा, खोदून खोदून विचारायचं आणि सेवा करायची. त्याच अध्यायात पुढं सांगितलं आहे की ज्ञान श्रद्धावानाला मिळतं. श्रद्धा आणि प्रश्न तिथं शेजारी शेजारी बसले आहेत. आणि अर्जुन तर अठरा अध्यायांत कितीदा शंका काढतो! देव त्याला एकदाही उठून जा म्हणत नाही.

कठोपनिषदात नचिकेताची गोष्ट आहे. त्याचे वडील यज्ञात दान देत होते, पण गाई दिल्या त्या म्हाताऱ्या, भाकड. ते बघून पोराच्या मनात श्रद्धा जागी झाली, असं उपनिषद सांगतं. आणि श्रद्धा जागी झाल्यावर त्यानं काय केलं? हात जोडून गप्प बसला नाही. वडिलांनाच विचारलं, "मला कुणाला देणार?" एकदा नाही, तीनदा. वडील चिडून म्हणाले, "यमाला!" पोरगा खरंच यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता, तर तीन रात्री उपाशी थांबला. मग मरणानंतर काय असतं, हे त्यानं यमाला विचारलं. यमानं धन, गुरंढोरं, लांब आयुष्य सगळं देऊ केलं, पण हा प्रश्न सोडेना. शेवटी यमच खूश झाला. असा विचारणारा आम्हाला मिळावा, असं तो म्हणाला. खऱ्या गुरूला प्रश्नाचा राग येत नाही, तो असा.

आता नम्रता. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते, ती गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं बघितलं आणि हे काय, असं विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं काका म्हणाले. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून बघितलं. बाकीचे शांत बसले, नामदेव तेवढे रागावले. काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. नामदेवांना ते फार लागलं. विठ्ठलाचे एवढे लाडके भक्त! पण ते तिथंच रुसून राहिले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू करून शिकले. पुढं त्यांची पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबातही गेली. आपलं कच्चेपण मान्य करून शिकायला जाणं, ही नम्रता. आणि विषय काढला कुणी, तर सगळ्यांत धाकट्या मुक्ताईनं.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. आमच्याकडच्या एका गटात एका ताईनं अकरा हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर घरातला दोष काढायचा विधी. सांगणाऱ्यानं बजावलं होतं, "कुणाला विचारू नको, शंका घेतली की फळ जातं." गटातल्या एक आजी रोज हरिपाठ म्हणणाऱ्या. त्या म्हणाल्या, "पोरी, कर्ज आपण देऊ, पण आधी त्याला विचार. दोष कसला, विधी कुठल्या ग्रंथातला, पैसे कशाकशाला?" ताईनं विचारलं. तो माणूस भडकला आणि म्हणाला, तुझ्या पोरावर संकट येईल. तेव्हा ताईला कळलं. त्या पैशांत तिनं पुढं शेळी घेतली. पंढरीच्या विठ्ठलावरची तिची श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही.

चमत्काराचा दावा करून लोकांना घाबरवणं, फसवून पैसे उकळणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. वारी, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा आडवा येत नाही.

तर मैत्रिणींनो, शिकवणाऱ्यापुढं जरूर वाका, पण विचारायला विसरू नका. विचारल्यावर जो समजावून सांगतो, त्याच्याजवळ बसा. जो भीती घालतो, त्याला दुरूनच नमस्कार.

आणि या महिन्याच्या बैठकीत एक करून बघा. हरिपाठ झाला की एक अभंग घ्या आणि त्याचा अर्थ काय, असं विचारा. पहिल्यांदा बोलू द्या गटातल्या सगळ्यात धाकट्या सुनेला.

राम कृष्ण हरी.