मेंदूच्या गाभ्यांतील गांठ

गांठ म्हटली कीं घरांतील मंडळींच्या मनांत प्रथम कर्करोगाचें भय उभें राहतें. परंतु श्रोतेहो, पुष्कळशा गांठी जातीनें सौम्य असतात. त्या शरीरांत अन्यत्र रुजत नाहींत. मात्र जागा सौम्य नसली तर गांठीच्या सौम्यपणाचा रोग्यास काय उपयोग?

मेंदूच्या मध्यभागीं तिसरी पोकळी म्हणून एक अरुंद फट आहे. मेंदूंत रोज सुमारें अर्धा लिटर पाणी उत्पन्न होतें. दोन बाजूंच्या मोठ्या पोकळ्यांतील पाणी लहानशा छिद्रांतून या फटींत उतरतें. फटीच्या छताशीं, छिद्रांच्या तोंडींच, कधीं कधीं चिकट द्रवानें भरलेली पिशवी वाढते. मोरीच्या तोंडाशीं बोर अडकावें, तसा हा प्रकार. पाणी तुंबतें, डोकें असह्य दुखतें, ओकाऱ्या होतात, दृष्टि मंदावते. आणि एखादे वेळीं धडधाकट दिसणारा मनुष्य कांहीं तासांत दगावतो.

क्ष-किरणांनीं कवटीचें हाड दिसे, मेंदू दिसत नसे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यानें १९१८ सालीं तोड काढली. कवटीस भोंक पाडून पोकळींतील पाणी काढावयाचें व त्या जागीं हवा भरावयाची. हवा क्ष-किरणांस अडवीत नाहीं. त्यामुळें पोकळीचा आकार चित्रांत उमटतो आणि गांठीची जागा कळते. हार्वे कुशिंगसारख्या थोर शस्त्रवैद्यास ही रीत रुचली नाहीं. ती धोक्याची होती, हेंही खोटें नव्हे. परंतु न दिसणाऱ्या गांठीवर शस्त्र चालविणें त्याहून धोक्याचें. १९२१ सालीं डँडीनें अशी पिशवी रोग्याच्या मेंदूंतून काढली, व १९३३ सालीं तिसऱ्या पोकळींतील सौम्य गांठींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

काम नाजूक खरें. जवळच स्मरणाशीं संबंध असलेल्या तंतूंची कमान आहे. तिला इजा झाली तर रोगी वांचतो, पण सकाळीं भेटलेला मनुष्य संध्याकाळीं त्यास आठवत नाहीं. पिशवीचें आवरण शेजारच्या शिरेस चिकटलेलें असल्यास तेवढा तुकडा राहूं द्यावा लागतो, आणि ती पुन्हां भरण्याची भीति उरते.

१९७१ सालीं लंडनमध्यें संगणकाच्या साह्यानें रोग्याच्या मेंदूचें छेदचित्र प्रथम निघालें. पुढें हवा भरण्याचें कारण उरलें नाहीं. आतां सूक्ष्मदर्शकाखालीं, किंवा लहान भोंकांतून घातलेल्या दुर्बिणीनें पिशवी काढतात. अडचण मात्र निराळीच उभी राहिली आहे. दुसऱ्याच कारणासाठीं काढलेल्या चित्रांत लहानशी पिशवी दिसते. रोग्यास त्रास कांहींच नसतो. पाणी तुंबलेलें नसल्यास शस्त्रवैद्य बहुधा शस्त्र हातीं घेत नाहीं, आणि ठराविक काळानें पुन्हां चित्र काढावयास सांगतो.