सागरतीरावरील वाट आणि गावाची पाखाडी

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ नावाची पायवाट आहे. माइनहेडपासून पूल बंदराच्या मुखापर्यंत तिची लांबी ६३० मैल, म्हणजे सुमारे १,०१४ किलोमीटर. चोरटा माल उतरविणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी तटरक्षक कड्याच्या धारेने गस्त घालीत. प्रत्येक चिंचोळ्या आखातात डोकावणे त्यांना प्राप्त असल्याने वाट समुद्राला बिलगून राहिली. गस्त संपली, वाट मात्र उरली. १९७३ ते १९७८ या काळात ती राष्ट्रीय पायवाट म्हणून टप्प्याटप्प्याने खुली झाली.

काही वर्षांपूर्वी तिच्यावर एक दिवस चालण्याचा योग मला आला. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज गावातून सकाळी निघालो. झेनरपर्यंतचे अंतर जेमतेम दहा किलोमीटर. परंतु ग्रॅनाइटचे धोंडे, दलदल आणि सततचे चढउतार यांमुळे दुपार झाली. ओकच्या फळाचे चिन्ह कोरलेले खांब तेवढे सोबतीला होते.

परतताना मी आतल्या बाजूची, शेतांमधून जाणारी जुनी वाट धरली. पूर्वी या वाटेने प्रेते चर्चकडे नेत, असे सांगतात. ती खाजगी शेतांतून, क्वचित घराच्या अंगणालगत जाते. दगडी बांधांना ओलांडण्यासाठी पायऱ्या ठेवल्या आहेत. जमीन शेतकऱ्याची, चालण्याचा हक्क सर्वांचा! १९४९ च्या कायद्याने अशा वाटा अधिकृत नकाशावर नोंदविण्याची व्यवस्था केली. लोकांनी एखादी वाट २० वर्षे निर्वेधपणे, हक्काने वापरली, तर ती सार्वजनिक मानण्याची तरतूद १९८० च्या कायद्यात आहे.

त्या पायऱ्या ओलांडताना मला आजोळची जांभ्या दगडाची पाखाडी आठवली. माडांच्या बागांतून ती पुळणीकडे उतरत असे. एका वर्षी तिच्यावर तारेचे कुंपण पडले. ‘आज ना उद्या सुटेल,’ असे म्हणत सारे गप्प राहिले, मीही त्यांतलाच. शेतजमिनीकडे जाणाऱ्या रूढ वाटेतील अडथळा दूर करण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. आम्हांला हे कळले तेव्हा मुदत टळून गेली होती. आज त्या बागांत जाण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना हमरस्त्याने मोठा वळसा घालावा लागतो.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह एक दिवस गावच्या वाटा चालाव्यात आणि त्यांचा नकाशा काढावा. पंचायत सदस्यांनी तो ग्रामसभेपुढे ठेवावा. अधिकाऱ्यांनी मुदतीची माहिती चावडीवर लावावी. वाट पावलांनी पडते हे खरे. पण ती टिकते नोंदीने आणि वेळीच उचललेल्या आवाजाने.