जुना पत्ता कसा वाचावा?

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गात आम्ही शिक्षक मुलांकडून लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या पाठ करून घेतो. पण "तुझे पणजोबा कोणत्या गावाहून, कोणाच्या आधाराने मुंबईत आले?" असे विचारले, तर बहुतेक माना खाली जातात. उत्तर पुष्कळदा घरातच असते. जुन्या ट्रंकेत एखादे पोस्टकार्ड, भाडेपावती किंवा शाळा सोडल्याचा दाखला पडलेला असतो. त्यावर पत्ता असतो. तो पत्ता कोणाला उमगत नाही, म्हणून एक दिवस तो कागद रद्दीत जातो.

हा केवळ हौसेचा विषय आहे असे कृपया समजू नका. आपल्या समाजातील अनेक बिरादऱ्यांच्या मुलांना इतर मागासवर्गीयांचा दाखला मिळतो. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेला आपले वाडवडील महाराष्ट्रात कोठे राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या दाखल्यावर एक गाव, वडिलांच्या रेशनकार्डावर दुसरेच ठिकाण, आणि दोहोंचा मेळ कसा घालावा हे घरात कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती असली की अर्ज अडतो आणि प्रवेशाची मुदत निघून जाते. वारसाहक्काच्या कामातही हीच अडचण येते.

माझे सांगणे एवढेच आहे की, जुन्या पत्त्यातील प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या दफ्तरातून आलेला असतो. ते दफ्तर ओळखले की पुढचा शोध सोपा होतो.

उदाहरणादाखल असा पत्ता घ्या: "२१४-१६, अमुक स्ट्रीट, तिसरा माळा, खोली नं. ३२, डोंगरी, मुंबई ९." हा पत्ता शेवटाकडून वाचावयास लागा. "मुंबई ९" हा टपाल खात्याचा विभाग. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला आणि याच विभागाचा ४००००९ झाला. मुंबई ३ चा ४००००३, मुंबई ८ चा ४००००८. तेव्हा पिन कोड नसलेला कागद बहुधा १९७२ पूर्वीचा, असा पहिला अंदाज बांधता येतो. मात्र जुनी सवय लवकर सुटत नाही, म्हणून टपालाचा शिक्का व तारीखही पाहावी. "२१४-१६" म्हणजे २१४ आणि २१६ असे रस्त्याचे दोन क्रमांक असलेली एकच इमारत. हा आकडा खोलीचा समजून शोधू लागलात तर काहीच सापडणार नाही.

मुंबईतील जुन्या खरेदीखतांत तर एकाच जागेचे चार-पाच क्रमांक असतात. कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, आणि महापालिकेचा "बी वॉर्ड नंबर" व स्ट्रीट नंबर. लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची मोजणी केली, तिचे नाव त्या क्रमांकाला चिकटले. पहिले चार क्रमांक जमीन महसुलाच्या बाजूचे आहेत. वॉर्डाचा क्रमांक महापालिकेच्या करखात्याचा आहे. महसुलाचा नंबर घेऊन करखात्याच्या खिडकीवर उभे राहिल्यास माणूस रिकाम्या हाताने परततो आणि म्हणतो, "रेकॉर्डच नाही." रेकॉर्ड असते, पण खिडकी चुकलेली असते.

आता रस्त्यांची नावे पाहा. फ्रियर रोड आज पी. डिमेलो रोड आहे, कारनॅक रोड लोकमान्य टिळक मार्ग झाला आणि ग्रँट रोड मौलाना शौकत अली रोड झाला. ग्रँट रोड स्टेशनचे नाव मात्र राहिले. सँडहर्स्ट रोड हा १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून काढलेला रस्ता. अशा कामांत कित्येक गल्ल्या नाहीशा झाल्या. त्याआधीच्या कागदावरील एखादी गल्ली आजच्या नकाशात दिसली नाही, तर आजोबांनी खोटे लिहिले असे मानू नये. शिवाय लोकांच्या तोंडचे नाव निराळे, कागदावरचे निराळे. आपण चोर बाजार म्हणतो. कागद मटण स्ट्रीट म्हणतो. भेंडी बाजारात तर सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी नवे बांधकाम हाती घेण्यात आले आहे. तेथील जुने क्रमांक यापुढे फक्त कागदांवर उरतील.

पुण्याची रीत आणखी वेगळी. तेथे "अमुक नंबर, गंज पेठ" एवढाच पत्ता असतो, रस्त्याचे नाव नसते. कारण घराचा क्रमांक त्या पेठेतला असतो, रस्त्यावरचा नव्हे. आणि पेठांचीही नावे बदलली आहेत. गंज पेठ आज महात्मा फुले पेठ आहे. फार जुन्या कागदात मुहियाबाद आले तर ती बुधवार पेठ समजावी, मुर्तजाबाद म्हणजे शनिवार पेठ.

आता गावाकडे वळू. कोकणातील कागदावर "जिल्हा कुलाबा" असेल तर तो आजचा रायगड. हे नाव १९८१ साली बदलले. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. "संस्थान जंजिरा" असा उल्लेख असल्यास कागद किंवा निदान त्यातील माहिती १९४८ च्या विलीनीकरणापूर्वीची. मंडणगड हा पूर्वी दापोली तालुक्याचा पेटा होता, म्हणून आजोबांचा तालुका दापोली आणि नातवाचा मंडणगड असे असूनही गाव एकच असू शकते. गाव नक्की झाले की शाळेचे जनरल रजिस्टर, तलाठ्याकडील फेरफार, जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक आणि काझींची निकाहाची वही, ही दफ्तरे समोर येतात. आपली आडनावेसुद्धा पत्तेच आहेत. दाभोळकर, चिपळूणकर, श्रीवर्धनकर या आडनावांत मूळ ठिकाण आजही जपलेले आहे.

काही पत्ते तर घराचे नसतातच. आपले वडीलधारे जहाजावर नोकरीला गेले. त्यांची पत्रे "मार्फत" अमुक दुकानदार, किंवा गावच्या जमातीची खोली, अशा पत्त्यावर येत. तेथे ते कायमचे राहत नव्हते, पण गावचा माणूस तेथे सापडत असे. म्हणून "मार्फत" या शब्दापुढचे नाव कधीही गाळू नका. तो कोण लागत होता हे विचारा. नातेवाइकांची अर्धी साखळी तेथेच सापडते. आखाती देशांतील पत्रांवर पोस्ट बॉक्सचा नंबर असे. तो बहुधा मालकाच्या कंपनीचा. रत्नागिरी जिल्ह्यातून दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेलेल्या कुटुंबांच्या पत्रांवर "डिस्ट्रिक्ट सिक्स" हे नाव दिसल्यास लक्षात ठेवा की ती वस्ती १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाली आणि साठ हजारांहून अधिक लोकांना तेथून हलविण्यात आले. तेथे घर शोधावयास जाऊ नये. तेथून हलविलेल्या माणसांचा माग काढावा.

विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातील जुन्या कागदांवरचे पत्ते एका वहीत जसेच्या तसे उतरून काढा. स्पेलिंग चुकीचे वाटले तरी सुधारू नका, कारण दफ्तरात तेच चुकीचे स्पेलिंग असण्याचा संभव असतो. प्रत्येक पत्त्यापुढे कागदाची तारीख आणि तो कोणत्या कचेरीने दिला ते लिहा. मग ती वही घेऊन दादी-नानीजवळ बसा. पुरुषांच्या नावाने पावत्या फाटल्या, पण कोणत्या माळ्यावर कोण राहत होते, कोणाच्या खोलीत कोणाचे बाळंतपण झाले, हे बायकांना पाठ असते. ते कोणत्याही सरकारी दफ्तरात लिहिलेले नाही.

आणि पालकांना विनंती, की ट्रंक साफ करताना जुना कागद फेकण्यापूर्वी मुलांना एकदा दाखवा. कागदाची प्रत काढता येते. सांगणारे माणूस गेले की त्याची प्रत मिळत नाही. तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, एवढे सांगून मी माझे भाषण संपवितो.