भाग १७ : एक्स-रे नॉर्मल, तरी मनगट दुखतंय?

आजच्या भागात कोड नाही, गॅजेट नाही. आज बोलायचंय मनगटाबद्दल. हो, ज्या हातात तुम्ही आत्ता फोन धरलाय, त्याच्याच मनगटाबद्दल.

गोष्ट माझीच आहे. मागच्या वर्षी एका शनिवारी ऑफिसच्या पोरांबरोबर टर्फवर क्रिकेट खेळत होतो. चेंडू अडवायला झेप घेतली आणि पडलो तो थेट तळहातावर. रात्री मनगट सुजलं. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले, "फ्रॅक्चर दिसत नाहीये." पुढे ते अजून काहीतरी बोलले, पण मी तेवढंच ऐकलं. क्रेप बँडेज गुंडाळलं, घरी आईने हळदीचा लेप लावला आणि सोमवारी मी लॅपटॉपसमोर हजर!

दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. चार महिन्यांनी पुश-अप मारायला गेलो तर हात टेकवेना. कुकरचं झाकण लावतानाही कळ यायची. मग सीटी स्कॅन झाला. स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलेलं होतं आणि ते जुळलंच नव्हतं.

मग पहिला एक्स-रे खोटा होता का? नाही. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, टेस्ट पास झाली म्हणजे बग नाहीच असं नसतं. तसंच हे.

एक्स-रे म्हणजे सावली. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. मांसातून बरेचसे किरण आरपार जातात, म्हणून ते करडं. १८९५ साली रॉन्टगेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आता समजा, भिंतीला केसाएवढी चीर आहे. टॉर्चचा झोत बरोबर चिरेच्या रेषेत पडला तरच उजेड पलीकडे जाईल. तिरका पडला तर चीर कळणारच नाही. त्यात मनगटात ८ छोटी हाडं दाटीवाटीने बसलेली, एकाची सावली दुसऱ्यावर! म्हणून मनगटाचा फोटो किमान दोन बाजूंनी काढतात, समोरून आणि कडेने. स्कॅफॉइडची शंका असेल तर हात करंगळीकडे वळवून आणखी फोटो घेतात.

तळहातावर पडल्यावर सगळ्यात जास्त मोडतं ते रेडियसचं टोक, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाचं मनगटाजवळचं टोक. ते मागे सरकलं की हात कडेने पाहिल्यावर जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. याला कॉलीज फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कॉलीज यांनी ते १८१४ मध्ये वर्णन केलं, एक्स-रे यायच्या ८१ वर्षं आधी! हाडं ठिसूळ झालेल्या आपल्या आज्या बाथरूममध्ये घसरतात, तेव्हा बहुधा हेच होतं. लहान मुलांची हाडं लवचिक, त्यामुळे ती ओल्या फांदीसारखी एका बाजूने चिरतात किंवा नुसती फुगवटा येऊन दबतात.

आणि आपल्या वयाच्या मंडळींचं खास दुखणं म्हणजे स्कॅफॉइड. होडीच्या आकाराचं, काजूएवढं हाड. त्याची अडचण रक्तपुरवठ्याची. रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि उलटं मागे, कोपराच्या दिशेने जातं. कालव्याच्या टेलचं गाव आठवा. कालवा मधे फुटला तर पाणी कुणाचं तुटतं? टेलवाल्यांचं! तसंच मधे हाड मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. जुळायला वेळ लागतो, कधी जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो. पुढे सांध्याची झीज सुरू होते.

मग ओळखायचं कसं? अंगठा वर ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसेल. पडल्यानंतर तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे कोरा असला तरी डॉक्टर बहुधा फ्रॅक्चर आहे असं धरूनच हात बांधून ठेवतात. १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. तोवर चिरेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं आणि चीर रुंद दिसायला लागते. घाई असेल तर एमआरआयमध्ये लवकर कळतं. आणि रेडिएशनची भीती नको. मनगटाच्या एका एक्स-रेचा डोस आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतो त्याहूनही कमी असतो.

एक मात्र करू नका, मालिश. आणि हात वाकडा दिसत असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

माझं काय झालं? ऑपरेशन. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात बसवला, वर एक स्क्रू. तीन महिने डाव्या हाताने टायपिंग. घरी बसल्या बसल्या जुनी फाइल चाळली, तर पहिल्याच केसपेपरवर खाली एक ओळ होती : "दुखत राहिल्यास १० दिवसांनी पुन्हा दाखवणे." तारीख त्याच शनिवारची. रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या कॉमेंट वाचणारा मी, स्वतःच्या कागदावरची एक ओळ वाचली नव्हती.

तेव्हा मंडळी, केसपेपर शेवटपर्यंत वाचा. भेटू पुढच्या भागात. हात सांभाळा!