शीतपेटीतील मॅकरोनी आणि आपली पेज

गोठवलेल्या मॅकरोनी-चीजचे पाकीट घरी आले, की पेडणे-डिचोलीतील माउली विचारील, ‘यात सत्त्व उरते काय?’ गोठवल्याने सत्त्व फारसे नासत नाही. चीजमधून प्रथिने व कॅल्शियमही मिळते. उणीव निराळीच आहे. मॅकरोनीच्या गव्हाचा कोंडा बहुधा काढलेला असतो आणि पाकिटात मीठ सढळ असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. मुलांना त्याहूनही कमी. पाकिटावरील सोडियमची अडीचपट म्हणजे मीठ, हा हिशेब ध्यानी धरावा. उकड्या तांदळात मात्र भात उकडतानाच कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते. म्हणून मॅकरोनी कधीमधी. नित्याचा मान पेजेला आणि अळसांद्यांना. पेजेसोबतची खारवलेली कैरीही बेतानेच घ्यावी.