कुलूप, किल्ली आणि ग्रंथपाल
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आताच वाचलेल्या अहवालात इमारत, बाके, प्रयोगशाळा यांचा उल्लेख झाला. तो रास्तच आहे. ग्रंथालयाविषयी मात्र एकच ओळ होती आणि तीत पुस्तकांची संख्या होती. त्या ओळीतून एक माणूस राहून गेला. तो म्हणजे शाळेचा ग्रंथपाल. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

हे काम मी स्वतः अनेक वर्षे केले आहे. मी प्रथम ज्या शाळेत रुजू झालो, तेथे पुस्तकांची चार कपाटे होती. किल्ल्या मुख्याध्यापकांच्या जुडग्यात असत. ज्या शिक्षकाचे तास कमी, त्याच्याकडे ग्रंथालयाचा ‘चार्ज’ येई. पुस्तक हरवले तर भरपाई त्याच्याच माथी. मग तो बिचारा कपाट उघडील कशाला? दरवर्षी मार्चमध्ये मोजणी होई आणि ‘एकही पुस्तक गहाळ नाही’ हा शेरा अभिमानाने दाखवला जाई. मी खालचा कप्पा उघडला, तेव्हा पुठ्ठे जागेवर होते. आतली पाने वाळवीने संपवली होती. संख्या मात्र बरोबर भरली!

डॉ. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध केले. त्यांतला पहिला असा की, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. ऐकायला किती साधा! पण आमच्या त्या चार कपाटांना तो ठाऊक नव्हता.

ग्रंथपाल करतो काय? तो पुस्तक आणि मूल यांची गाठ घालून देतो. आठवीतली एक मुलगी केवळ भावाचे पुस्तक परत करायला येत असे. घरची बोली निराळी, त्यामुळे मराठी वाचताना ती अडखळे. एकदा हळूच म्हणाली, “सर, मराठी पुस्तकांत आपले लोक नसतात ना?” मी तिला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी सांगितले. शेकडो वर्षांपूर्वी त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांचा छोटा परिचय मी तिच्या हाती दिला. पुढच्या आठवड्यात ती स्वतःसाठी पुस्तक मागायला आली. तिने काही मोठे बक्षीस मिळवले नाही. पण ही भाषा आपलीही आहे, हे तिला उमगले. कपाट हे सांगू शकत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

काही पालक विचारतात, “आज मुलांच्या हाती मोबाईल आहे, आता ग्रंथपाल कशाला?” मोबाईल एका प्रश्नाची हजार उत्तरे देतो. त्यातले विश्वासाचे कोणते, या वयाला पेलणारे कोणते, हे पारखायला कोण शिकवणार?

आपल्याला ‘इक्रा’चा, म्हणजे ‘वाच’ या पहिल्या आदेशाचा अभिमान आहे. त्याबरोबर आपला एक इतिहासही आठवावा. इराणातील रय शहरी इब्नुल अमीद नावाचा वजीर होता. त्याचा ग्रंथपाल होता मिस्कवैह, जो पुढे तत्त्ववेत्ता आणि इतिहासकार म्हणून ख्यातनाम झाला. इ.स. 966 च्या सुमारास खुरासानहून आलेल्या लोकांनी वजिराचा वाडा लुटला. बसायला आसन आणि पाणी प्यायला भांडेही उरले नाही. वजिराला घोर लागला होता तो पुस्तकांचा. ती सुरक्षित आहेत, हे मिस्कवैहने सांगताच त्याचा चेहरा खुलला. बाकीचे सारे पुन्हा मिळवता येईल, हे ग्रंथ मिळणार नाहीत, असा त्याचा भाव होता. ही हकीकत खुद्द मिस्कवैहनेच लिहून ठेवली आहे. एवढ्या विद्वानाला ग्रंथपालाचे काम कमीपणाचे वाटले नाही. मग आपण ते काम ‘रिकाम्या माणसाचे’ का मानावे?

अडचण मी जाणतो. शासकीय नियमांत ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर ठरते; लहान शाळेला ते मिळत नाही. तेथे समाजानेच पुढे यायला हवे. आपले लोक दानशूर आहेत. पंखा देतात, पाण्याची टाकी देतात आणि तिच्यावर वडिलांचे नाव घालतात. अल्लाह त्यांना अज्र देवो. पण ग्रंथपालाच्या पगारावर नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी पुढे येत नाही. इल्म पसरवणे हा सदका-ए-जारिया आहे, हे आपण मानतो ना? मग दहा कुटुंबांनी मिळून एका अर्धवेळ ग्रंथपालाचा भार उचलावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

पालकहो, मूल अवांतर पुस्तक वाचताना दिसले तर रागावू नका. शिक्षक बंधूंनो, वाचनाचा तास गणिताला देऊ नका. विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही निःसंकोच विचारा, मागा. आणि पदाधिकाऱ्यांना एवढेच सांगतो : पुढील वर्षी अहवालात पुस्तके किती आहेत हे सांगू नका, किती मुलांनी नेली, ते सांगा. चार पुस्तके हरवली असतील तर तेही सांगा. आम्ही टाळ्याच वाजवू.

अल्लाह आपल्या सर्वांना या कामाची तौफीक देवो. आमीन. खुदा हाफिज.